शिवलीलाची चौकशी

"ते माप आधी खाली काढा," ईरण्णांनी गोदामाच्या दारातूनच हुकूम सोडला.

जळकोटच्या हमरस्त्याला लागून ईरण्णांचं भुसार मालाचं दुकान, दुकानामागं गोदाम आणि गोदामाला चिकटून घर. गोदामाच्या आढ्याला एक लांब तार बांधलेली होती आणि तारेच्या टोकाला दहा किलोचं लोखंडी माप लटकत होतं. खाली फरशीवर खडूनं मोठं वर्तुळ काढून रेघा मारलेल्या होत्या. हा ईरण्णांच्या लेकीचा, शिवलीलाचा, लंबक. एकदा सोडला की तो बराच वेळ झुलत राही आणि झुलता झुलता त्याची दिशा हळूहळू वळत जाई. माप वळत नाही, खालची पृथ्वी फिरते, हे शिवलीला येणाऱ्या-जाणाऱ्याला उभं करून दाखवत असे. हमालसुद्धा ज्वारीची पोती वाहताना त्या वर्तुळाला वळसा घालून जात. पृथ्वीच्या कामात आपला पाय नको, एवढं त्यांना पटलं होतं.

"लेकीला इचारलं न्हाय, पुसलं न्हाय," त्यांची बायको शरणम्मा कमरेला पदर खोचून उभ्या होत्या. "सोलापूरहून ती आली म्हंजी काय सांगणार हाव?"

"ती यायच्या आत पाहुणे बघून जात्यात. त्यास्नी काय दाखवायचं? घरात लोखंड टांगलंय म्हणून? भिऊन पळतील की!"

शिवलीला भौतिकशास्त्रात विद्यापीठात पहिली आली होती. ज्या घरांतून आणि ज्या गावांतून या विषयाकडं सहसा कुणी फिरकत नाही, तिथल्या मुलामुलींना पुण्याचा एक न्यास पीएच.डी.साठी शिष्यवृत्ती देत असे. तिची लेखी परीक्षा झाली, मुलाखतही झाली. आता न्यासाचं कुणीतरी न सांगता गावात येऊन सगळं बघून जाणार, की निकाल. बापलेकीत करारही झाला होता. शिष्यवृत्ती मिळाली तर शिवलीलानं पुण्याला जायचं आणि ईरण्णांनी लग्नाचं नाव काढायचं नाही. नाही मिळाली तर बाप दाखवील त्या स्थळापुढं तिनं निमूट बसायचं. शिवलीलानं क्षणभरही विचार न करता हात पुढं केला होता.

पण ईरण्णा पडले व्यापारी. एकाच गिऱ्हाइकावर माल धरून ठेवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी लेकीला न सांगता दुसऱ्या डगरीवरही हात ठेवला होता. अक्कलकोटकडचं एक चांगलं घर रामलिंग या मध्यस्थानं सुचवलं होतं, आणि सकाळीच त्याचा फोन आला होता, "पाहुणे या दोन दिवसांत कवाबी येतील. सांगून येणार न्हाईत. आधी स्टँडवर चौकशी करतील, मग घरी."

न्यासाची माणसंही न सांगता येणार होती, हे शिवलीलानं दहादा बजावलं होतं. ईरण्णांनी रामलिंगचं ध्यानात ठेवलं आणि लेकीचं कानाआड केलं. शिकलेली माणसं आधी फोन करतात आणि आल्यावर कागद मागतात, असा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव होता.

तासाभरात घराचा कायापालट झाला. शिवलीलाची जाडजूड पुस्तकं ज्वारीच्या पोत्यांत गेली. तार गुंडाळली, खडूचं वर्तुळ पुसलं. शेजारच्या धुरपदाबाईंकडून विणलेले रुमाल, मण्यांचे पोपट आणि अभ्रे आणून बैठकीत मांडले. ईरण्णांनी सगळ्यावरून नजर फिरवली, समाधानानं ढेकर दिला आणि पेपर काखोटीला मारून स्टँड गाठला.

मुलीच्या चौकशीला आलेल्या माणसाच्या कानावर जळकोटच्या स्टँडवर कधी वावगा शब्द पडत नाही. आज तुझ्या लेकीचं मी चांगलं सांगितलं, उद्या माझ्या लेकीचं तू सांग, असा तिथला रोकडा व्यवहार. या कामात ईरण्णांचा हात कुणी धरत नसे. गावातल्या कितीतरी लेकी त्यांच्या जिभेवर नांदायला गेल्या होत्या. मुलीच्या बापानं त्यावेळी माणिकप्पाच्या हॉटेलात मागच्या बाकावर पेपर तोंडासमोर धरून बसायचं, ही रीतही त्यांनीच पाडलेली. आज पहिल्यांदा त्या बाकावर बसायची पाळी त्यांच्यावर आली होती.

दुपार कलायच्या आधीच पांढरी गाडी थांबली. गाडीतून पन्नाशीच्या एक बाई उतरल्या, सुती साडी, चष्मा, चालण्यात ठामपणा. मागोमाग चामडी बॅग सांभाळत एक गृहस्थ. गाडीचा नंबर पुण्याचा होता. पुण्यातही पाहुण्यांचा काही उद्योग असेल, असं ईरण्णांनी धरलं आणि स्थळाचा भाव मनातल्या मनात वाढवला.

"ईरण्णांची शिवलीला, ओळखता का तुम्ही?" चहा सांगून बाईंनी विचारलं.

"सोनं हाय बगा, सोनं!" माणिकप्पा सज्जच होता. "मान खाली घालून जाती, मान खाली घालून येती."

"हुशार आहे म्हणतात."

माणिकप्पानं मागच्या बाकाकडं नजर टाकली. पेपर किंचित डावी-उजवीकडं हलला.

"बेताची हाय," माणिकप्पा म्हणाला. "समोरच्याला तरास हुईल आसली हुशारी न्हाय."

"प्रश्न वगैरे विचारते का?"

"जन्मात न्हाय!" पानपट्टीवाला शंभुलिंग दुकान सोडून पुढं आला. "रोज माझ्या म्होरनं जाती. यष्टी गेली का म्हणून सुदीक कदी इचारलं न्हाय."

"आणि शिकायची आवड?"

"व्हती ल्हानपणी," माणिकप्पा हलक्या आवाजात म्हणाला, "पर आता उतरली. आता कायबी तरास न्हाय."

बाईंनी गृहस्थांकडं पाहिलं. गृहस्थांनी चहात पाहिलं.

"गोदामात तिनं एक लंबक टांगलाय असं ऐकलं होतं," बाई म्हणाल्या.

पेपर थरथरला. माणिकप्पा लगेच म्हणाला, "कुणीतरी वैऱ्यानं उठवलंय ओ ते! आसलं कायबी न्हाय त्या घरात. लई सरळ लोकं."

ईरण्णा मागच्या दारानं सटकले आणि बोळातून गाडीच्या आधी घरी पोचले. पाहुणे उंबऱ्याशी आले तेव्हा ते धापा दाबत, हात जोडून हसतमुख उभे होते.

"नमस्कार. मी अयोध्या, आणि हे महारुद्र. आम्ही पुण्याहून शिवलीलाच्या—"

"ठाव हाय, सगळं ठाव हाय!" ईरण्णांनी बाईंना पुढं बोलूच दिलं नाही. "इषय मागनं. आदी हातपाय धुवा, पाणी घ्या."

खाणंपिणं व्हायच्या आत विषय काढणं म्हणजे उतावळेपणा, आणि मुलीकडच्यांनी तो काढू देणं म्हणजे त्याहून मोठा. बाईंनी नंतर दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा ईरण्णांनी ताटात चुरमुऱ्यांची सुशीला वाढायला लावली. तिसऱ्यांदा बाईंनी नाद सोडला आणि स्वस्थ बसून घर न्याहाळायला सुरुवात केली. त्यांच्या चेहऱ्यावर आता कसलंसं मजेदार कुतूहल दिसत होतं.

"हे भरतकाम सुंदर आहे."

"सगळं शिवलीलानं केलंय. रातध्याड तेच करती."

बाईंनी अभ्रा उचलला. त्यावर गुलाबी दोऱ्यानं 'धुरपदा' असं काढलेलं होतं.

"मैत्रीण हाय तिची," ईरण्णा जराही न अडखळता म्हणाले. "लई जीव एकमेकींचा."

शेजारच्या भिंतीपलीकडून सत्तरीच्या धुरपदाबाईंचा खोकला ऐकू आला. शरणम्मा लगबगीनं चहा आणायला आत गेल्या.

"तिची पुस्तकं कुठं असतात?" बाईंनी विचारलं.

"पुस्तकं? छ्या! घरात आसला पसारा आमी ठेवत न्हाय." ईरण्णा खुलले होते. "खरं सांगू का, तुमची जोडी बगूनच माझं मन भरलं. साक्षात शिव-पार्वती!"

महारुद्रांना जोराचा ठसका लागला. बाईंनी त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला आणि शांतपणे विचारलं, "समजा तिला अजून पाच वर्षं शिकावंसं वाटलं, तर तुमचं काय म्हणणं?"

हाच तो प्रश्न, ईरण्णांनी ओळखलं. असल्या प्रश्नावर अडखळलेली सोयरीक मोडते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. ते पुढं सरकून बसले.

"तुमी म्हणाल ते! तुमी बंद म्हणा, आजपास्नं बंद. तिचं काय बी म्हणणं नसतंय. तिनं कागद-बिगद कुठं भरला आसंल तर त्यो बी फाडून टाकतो."

"म्हणजे हा तुमचा शेवटचा शब्द?"

"दगडावरची रेघ!"

तेवढ्यात अंगणात चपला वाजल्या आणि खांद्यावरची पिशवी सावरत शिवलीला दारात उभी राहिली. तिनं बैठकीतले मण्यांचे पोपट पाहिले, बाप पाहिला, आणि मग पाहुण्यांकडं बघून तिचा चेहरा उजळला.

"मॅडम! तुम्ही आलात? अप्पा, ह्याच मुलाखतीला होत्या! न्यासाच्या अयोध्या मॅडम. लंबक बघितला का मॅडम?"

पृथ्वी फिरते हे लेक कधीपासून सांगत होती. ईरण्णांना ते त्या क्षणी पहिल्यांदा स्वतःच्या पायाखाली जाणवलं.

पण हार मानेल तो व्यापारी कसला! त्यांनी जागच्या जागी माल बदलला. हमालांना हाक मारली, ज्वारीची पोती बैठकीत आणून ओतली. धान्याबरोबर जाडजूड पुस्तकं धपाधपा फरशीवर पडली. "ही बगा! ही बगा! आवो, लई वाईट पोरगी हाय ही! उठता-बसता प्रश्न इचारती. म्हातारे लोक वाट बदलत्यात तिला बगून. भाकरी हिची कुत्रं सुदीक खात न्हाय!"

"अय्यो, ते तर खरंच हाय," शरणम्मा आतून म्हणाल्या.

"आणि हे भरतकाम?" महारुद्रांनी विचारलं.

"तिला सुई कशी धरत्यात ते बी ठाव न्हाय. बापाची शपथ!"

"यातलं खरं काय धरायचं?" बाईंनी चष्मा पुसत विचारलं. ईरण्णा फरशीवरची ज्वारी गोळा करायला वाकले. बाई शिवलीलाशी गोदामात जाऊन काही वेळ बोलल्या आणि निघताना म्हणाल्या, "निकाल कळवू. गरज वाटली तर न्यासाचं दुसरं कुणीतरी येईल. न सांगता."

गाडी गेली. शिवलीला रडली नाही, ओरडली नाही. तिनं शिडी लावली, तार आढ्याला बांधली आणि माप पुन्हा टांगलं. ईरण्णा शिडी धरायला पुढं झाले, तर तिनं मानेनंच नको म्हटलं.

"अप्पा, एक सांगा," खाली उतरून ती म्हणाली. "स्टँडवर सांगितलं ते, का घरात सांगितलं ते? तुमाला स्वतःला मी कशी वाटते?"

आयुष्यभर ईरण्णांनी लोकांच्या लेकींविषयी भरभरून सांगितलं होतं, आणि स्वतःच्या लेकीविषयी खरं वाक्य मात्र त्यांच्या ओठावर येईना. ती पहिली आली त्या दिवशी गल्ल्यावर एकटं बसून त्यांनी डोळे पुसले होते, एवढंच त्यांना आठवलं. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळा स्टँड गोळा केला. "हितनं म्होरं खरं बोलायचं! न्यासाचं दुसरं माणूस कवाबी यील. पोरगी कशी हाय ते भरपूर सांगायचं, काय बी राखून ठेवायचं न्हाय."

"खरं म्हंजी एकदम खरं?" शंभुलिंगला खात्री करून घ्यायची होती. चौकशीत खरं बोलायची कुणालाच सवय नव्हती.

त्याच दुपारी जीप आली. त्यातून पांढरी टोपी घातलेले एक वजनदार गृहस्थ आणि त्यांची पत्नी उतरले. ईरण्णांनी पेपर वर धरला.

"ईरण्णाची पोरगी कशी हाय?" गृहस्थांनी बसता बसता विचारलं.

"आग हाय आग!" माणिकप्पानं सुरुवात केली. "काल मला इचारती, चहा ढवळल्यावर पत्ती मधीच का गोळा हुती? म्या तीस वर्सं चहा इकतोय, मला कुणी असं बोललं नव्हतं."

"रातची गच्चीवर आसती," शंभुलिंगनं भर घातली. "एकलीच. आकाशाकडं बगत."

बाईंनी पदर तोंडाला लावला. "स्वयंपाक?"

"नाव काढू नगा! परवा पोळी तव्यावर टाकून उष्णता कशी पसरती ते सांगाया लागली. पोळीचा कोळसा झाला."

पेपर आनंदानं वर-खाली होत होता. माणिकप्पाला तेवढ्यानं आणखी चेव आला. "पाच वर्सं लगीन करणार न्हाय म्हणती. बापाचं ऐकत न्हाय. बापच तिला भितो!"

"मग रामलिंगनं आमास्नी गरीब गाय म्हणून कसं सांगितलं?" गृहस्थ उठलेच.

रामलिंगचं नाव ऐकताच पेपर थांबला; त्याचे पाहुणे अजून यायचेच होते, हे कालच्या गडबडीत ईरण्णा साफ विसरले होते. माणिकप्पाचा चेहरा उतरला. सगळ्या स्टँडनं मागच्या बाकाकडं पाहिलं.

अजून वेळ गेलेली नव्हती. एक हसू, दोन गोड शब्द, एक चहा, आणि ईरण्णांनी याहून बिघडलेल्या चौकशा सावरल्या होत्या. शिष्यवृत्ती तर हातची गेल्यातच जमा होती. निदान हे चांगलं घर तरी धरून ठेवावं, असं मनातला व्यापारी ओरडून सांगत होता. ईरण्णांनी पेपराची घडी घातली आणि ते उभे राहिले.

"रामराम. मी पोरीचा बाप," ते म्हणाले. "ह्यांनी सांगितलं ते सगळं खरं हाय. उलट कमीच सांगितलंय. तिच्यासारखी पोरगी ह्या पट्ट्यात झाली न्हाय, आन ती तुमच्या घरात मावणार न्हाय. चहा घेऊन जावा, पैशे माझ्याकडं."

पाहुणे चहाला थांबले नाहीत. जीप धूळ उडवत गेली तेव्हा ईरण्णांना वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही. छाती उगाच रुंद झाल्यासारखी झाली होती.

चार-आठ दिवसांनी अयोध्या मॅडमचा फोन आला. शिवलीलानं तो घरच्यांना ऐकू जाईल असा मोठ्यानं लावला. शिष्यवृत्ती मिळाली होती. शरणम्मांनी तिथंच लेकीच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली.

"पर मॅडम," ईरण्णांना राहवेना, "मी तर तुमच्यासमोर सगळा घोळ घातला व्हता."

"त्यामुळंच तर," मॅडम म्हणाल्या. "मुलाखतीत आम्ही हिला विचारलं, तुझ्या वाटेत अडचणी काय? ही ताठ मानेनं म्हणाली, एकही नाही. ज्यांची वाट अडलेली आहे त्यांच्यासाठीच ही शिष्यवृत्ती, त्यामुळं समितीचे हात बांधले गेले. म्हणून मी आले. माझं माहेर बेंबळी. चौकशी कशी असते हे मला शिकवायला नको. हॉटेलवाले प्रत्येक उत्तराआधी ज्या पेपराकडं बघत होते, त्याच्यामागं कोण बसलंय हे मी पहिल्या घोटाला ओळखलं. समितीला जाऊन सांगितलं, अडचण मी स्वतः पाहिली, तिच्या घरी सुशीला खाल्ली, अडचणीनं मला फार आग्रहानं वाढली."

शिवलीला तोंडावर हात ठेवून हसत सुटली. ईरण्णांचा चेहरा हळूहळू फुलत गेला.

"म्हंजी... माझ्यामुळंच मिळाली की!"

संध्याकाळपर्यंत सगळ्या स्टँडला कळलं. "अडचण मी व्हतो!" ईरण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला छाती ठोकून सांगत होते. माणिकप्पाला ते सोसलं नाही. "तुमी एकलेच कसं? बेताची हुशार म्या म्हटलं व्हतं!" शंभुलिंगनंही आपला वाटा मागितला, प्रश्न विचारत नाही हे वाक्य त्याचं होतं. धुरपदाबाई काठी टेकत आल्या आणि आपल्या अभ्र्यांचा काहीतरी विचार व्हावा म्हणाल्या. वाद वाढला, तेव्हा मोठी अडचण ईरण्णा आणि बाकीच्या किरकोळ, असं सर्वानुमते ठरलं.

पुण्याला निघायच्या सकाळी शिवलीला बापाच्या पाया पडली. एस.टी. यायला अवकाश होता. ईरण्णा तिच्या सामानाशेजारी बसले.

"मॅडम काय म्हणाल्या त्या दिशी?" त्यांनी विचारलं. "न्यासाचं माणूस दर वर्साला येऊन बगून जाणार?"

"हां. मी नीट शिकते का, घरून साथ आहे का, ते बघायला."

ईरण्णांनी त्यातलं 'बघायला' तेवढं ऐकलं. जुना स्वभाव टाकून त्यांना अजून महिनाही झाला नव्हता, आणि नव्या स्वभावात त्यांना बरं वाटू लागलं होतं. त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.

"म्हंजी अडचण गेली आसं दिसलं की शिष्यवृत्ती बंद हुणार. तू काळजी करू नगंस, पोरी. पाच वर्सं मी असाच अडून बसतो. लेकीसाठी बाप एवढं बी करणार न्हाय व्हय?"